एक्स-रेवरचे चार अंश आणि तुमचं बोट

संधिवाताने किंवा अपघाताने बोटाचा सांधा कामातून गेला, तर सर्जन तो कायमचा जोडून टाकतात. याला आर्थ्रोडेसिस म्हणतात. सांधा हलत नाही, पण दुखणं थांबतं आणि पकड परत येते. मधला सांधा जोडताना तो मुद्दाम वाकवून ठेवतात: तर्जनीला साधारण 40 अंश, करंगळीपर्यंत वाढवत 55 च्या आसपास. जाळं ओढणाऱ्या हाताला हा कोन महत्त्वाचाच.

आपल्याकडे अनेकांचं ऑपरेशन गोव्यात किंवा कोल्हापुरात होतं आणि पुढचा एक्स-रे मालवण-कुडाळात. पहिल्या रिपोर्टवर 40, दुसऱ्यावर 36. मग प्रश्न येतो, "डॉक्टर, सांधा सरकला काय?" माझं मत स्पष्ट आहे: केवळ एवढ्या फरकावरून घाबरू नका.

कारण साधं आहे. कोयता बाजूने बघा, वाक दिसतो. धारेच्या बाजूने बघा, तोच सरळ भासतो. बोटाचंही तसंच. एक्स-रे काढताना बोट 30 अंशांनी वळलेलं असेल, तर 40 अंशांचा कोन फिल्मवर 36 च्या आसपास दिसतो. हाड जागचं हललेलं नसतं.

दुसरं कारण मोजणाऱ्याचं. पेरांची हाडं आखूड आणि किंचित वक्र असतात. एकजण हाडाच्या मधून रेघ ओढतो, दुसरा पाठीच्या कडेने. रेघ जरा सरकली की अंश बदलतात. मोबाईलवर तिरका काढलेला फोटो तर मोजमापाला निरुपयोगीच. म्हणून रिपोर्टवर छापलेला 38.4 हा आकडा मला खटकतो. दशांशामुळे तो अचूक होत नाही.

मग काय करावं? जुन्या फिल्म किंवा सीडी जपून ठेवा. नवा एक्स-रे काढताना "त्याच बोटाची नीट बाजूने फिल्म काढा" असं सांगा. दोन्ही फिल्म एकाच डॉक्टरांना शेजारी ठेवून मोजू द्या. हाडं जुळली आहेत का, स्क्रू किंवा तार सैल झाली आहे का, हे आधी विचारा.

मात्र दुखणं वाढलं, सूज किंवा पू आला, जोडलेला सांधा हलू लागला किंवा बोट डोळ्यांनाच वाकडं दिसू लागलं, तर रिपोर्टची वाट न बघता सर्जनला दाखवा. तिथे आकडा कितीही चांगला असला, तरी तो तुमच्या बोटापेक्षा मोठा नाही.