'बट'चा डंख

ग्रामरचा मास्तर सांगतो, 'अँड' आणि 'बट' म्हणजे शब्द जोडणारे निव्वळ सांधे. खोटं आहे, दोस्तांनो. 'पुअर अँड क्लीन' म्हणा, नुसत्या दोन गोष्टी सांगितल्या. 'पुअर बट क्लीन' म्हणा, की सगळे गरीब घाणेरडे ठरले आणि हा एकटा अपवाद. फ्रेगे या जर्मन तर्कपंडिताने १८७९ सालीच लिहून ठेवलंय, की अशी दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी ठरतात, फरक फक्त सूचनेचा. फक्त! ज्याच्या पाठीत ती सूचना घुसते त्याला विचारा. उद्या इंटरव्ह्यूत कुणी 'रिझर्व्ह्ड कॅटेगरी, बट ब्रिलियंट' म्हटलं तर थँक्यू म्हणू नका. 'बट' कशाला, ते तिथंच विचारा.

क्रियाविशेषण तर महाबिलंदर. नाव क्रियेचं, आणि बसतं विशेषणाच्या मानगुटीवर. 'सरप्रायझिंगली इंटेलिजंट'. हुशारी आमची, आश्चर्य साहेबाचं! कधी साला ते उच्चारावंही लागत नाही. २००७ साली जो बायडेननी बराक ओबामांची तारीफ केली : आर्टिक्युलेट अँड ब्राइट अँड क्लीन. सगळे 'अँड'च, 'बट' एकही नाही. तरी काळ्या माणसांना तो बरोबर ऐकू आला. बायडेनना खुलासा करावा लागला.