प्रतीक्षेतील आईबाप

कॅनडात स्थायिक झालेल्या मुलांना आपल्या आईवडिलांस कायमचे जवळ बोलावता यावे, अशी सोय त्या देशाच्या कायद्यात आहे. परंतु सोय असणे निराळे आणि ती वेळेवर पदरात पडणे निराळे. २०२० साली ज्यांनी आईवडिलांसाठी आपली नावे नोंदविली, त्यांच्यातूनच २०२४ व २०२५ साली अर्जाची निमंत्रणे काढण्यात आली, यावरून विलंबाची कल्पना यावी. त्यातच २०२५ सालासाठी आईवडील व आजीआजोबांकरिता योजिलेल्या ३४,००० जागा २४,५०० वर आणण्यात आल्या. पुणे-डोंबिवलीची कितीतरी घरे आज टोरांटोच्या परिसरातील मुलांकडे डोळे लावून आहेत. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरच्या देशाचा नव्हे.

या प्रतीक्षेच्या काळात आईवडील येतात ते पाहुणे म्हणून. साध्या व्हिसावर त्यांना सामान्यतः सहा महिने राहता येते. २०११ साली निघालेल्या ‘सुपर व्हिसा’ची मुदत मोठी असून, २०२२ पासून एका प्रवेशात पाच वर्षे राहण्याची मुभा आहे; मात्र त्यासाठी मुलाच्या उत्पन्नाची अट आहे आणि निदान एक लाख डॉलरचा आरोग्यविमाही हवा. मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज केला, तर निकाल लागेपर्यंत वास्तव्य वैध राहते. तो दिवस चुकला की वैधता जाते. मग उरतो तो नव्वद दिवसांचा अवधी. या अवधीत दर्जा पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो. पण तो मंजूर होईलच याची हमी नाही, आणि निकालापर्यंत अर्जदार दर्जाविना असतो. आजारपणात वा प्रसंगाच्या धांदलीत तारीख विसरणाऱ्या सत्तरीच्या मातेची गणना अशा रीतीने नियमभंग करणाऱ्यांत होते.

येथे कायद्याची एक विसंगती दिसते. कायम वास्तव्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या प्रवेशाच्या आड येत नाही, असे त्या देशाच्या कायद्याचे बाविसावे कलम सांगते. परंतु मुदत संपताच हा मनुष्य परत जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्रीही पटावी लागते. एका खिडकीपाशी ‘आम्हांस येथेच राहावयाचे आहे’ म्हणावयाचे आणि दुसऱ्या खिडकीपाशी ‘आम्ही निश्चित जाऊ’ म्हणावयाचे, हा पेच वृद्धांवर का लादावा?

सरकारच्या बाजूनेही बोलता येते. मुदतींना अर्थ उरला नाही तर व्हिसाची व्यवस्थाच कोसळेल आणि वृद्धांच्या उपचारांचा भार करदात्यांवर पडेल, ही शंका अगदीच निराधार नाही. परंतु आईवडिलांना बोलावणारा मुलगा वा मुलगी क्वेबेक वगळता वीस वर्षे त्यांच्या निर्वाहाची हमी देतच असते. विम्याची अट हा दुसरा उपाय. शिवाय देशातच राहून अर्ज करणाऱ्या पती-पत्नींचा दर्जा गेला असला, तरी तेवढ्यावरून त्यांचा अर्ज नाकारू नये, असे धोरण २००५ सालीच स्वीकारण्यात आले. जोडीदारास दिलेली ही सवलत जन्मदात्यांनाही देणे कठीण नाही.

आमचे म्हणणे इतकेच : ज्यांचा कायमचा अर्ज सरकारने स्वीकारला आहे, त्यांचा तात्पुरता दर्जा त्या अर्जाच्या निकालापर्यंत चालू ठेवावा. तारीख चुकण्यापलीकडे ज्यांचा दोष नाही, त्यांना नव्वद दिवसांत अर्ज केल्यास पूर्वीचा दर्जा अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोपविता मिळावा. तोवर मुलांनी तारखा ध्यानी ठेवून अर्ज आधीच करावेत, हे व्यवहाराचे शहाणपण. परंतु सरकार स्वतः अर्जावर वर्षे घेते आणि म्हाताऱ्यांना एका दिवसाची चूक माफ करीत नाही, या व्यवहाराला न्याय म्हणता येणार नाही.