सूर्यावरचे कॅल्शियम आणि साहा समीकरणातली घनता

इलेक्ट्रॉन गमावलेला किंवा जास्तीचा मिळवलेला अणू म्हणजे आयन. ही व्याख्या शाळेत विद्युत अपघटनाच्या धड्यात भेटते आणि बहुतेकदा तिथेच राहते. एखाद्या वायूत आयन किती प्रमाणात असतील, हा भौतिकशास्त्राचा खरा प्रश्न पदवीच्या वर्गातही घाईत उरकला जातो.

सूर्याच्या वर्णपटात जांभळ्या टोकाला, 396.8 आणि 393.4 नॅनोमीटरवर, दोन रुंद काळ्या रेषा दिसतात. एच आणि के या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या रेषा एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या आहेत. फोटोस्फिअरचे, म्हणजे सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे, तापमान सुमारे 5800 केल्व्हिन, म्हणजे औष्णिक ऊर्जा जेमतेम अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट. कॅल्शियमचा पहिला इलेक्ट्रॉन सोडवायला मात्र 6.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. एवढीच तुलना केली तर आयन दुर्मीळ असायला हवेत. प्रत्यक्षात तिथले 99 टक्क्यांहून अधिक कॅल्शियम आयनरूपात आहे.

याचा उलगडा मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मधल्या लेखात केला. विरळ वायूत सुटलेल्या इलेक्ट्रॉनला असंख्य अवस्था मोकळ्या असतात आणि पुन्हा आयनाशी गाठ पडण्याची संधी कमी असते. तापमान तेच ठेवून इलेक्ट्रॉनांची घनता दहापट घटवली, तर आयन आणि उदासीन अणू यांचे गुणोत्तर दहापट वाढते. फळ्यावर मात्र साहा समीकरणातल्या घातांकी पदाचाच बोलबाला होतो आणि घनतेने भागण्याची पायरी नजरेआड जाते. सगळे मर्म तिथेच आहे. शिक्षकाने तिथे थांबून आकडे घालून दाखवायलाच हवेत.

त्याच आकडेमोडीत हायड्रोजन घेतला, तर 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्टमुळे दहा हजारांत एकही अणू आयन झालेला सापडत नाही. म्हणजे रेषेचा ठळकपणा अणूंच्या अवस्थेवरही अवलंबून असतो, आणि ठळक रेषा म्हणजे विपुल मूलद्रव्य, हा समज इथे मोडतो. खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन यांनी 1925 च्या प्रबंधात साहा समीकरण वापरून ताऱ्यांत हायड्रोजन सर्वाधिक असल्याचे काढले. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांच्या आक्षेपामुळे त्यांना तो निष्कर्ष अविश्वसनीय ठरवावा लागला. 1929 मध्ये रसेल स्वतःच त्याच निष्कर्षावर पोहोचले.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली ‘सूट’ ही सौर दुर्बीण 2 सप्टेंबर 2023 रोजी आदित्य-एल1 या सूर्याच्या अभ्यासासाठीच्या यानाबरोबर निघाली. तिचा एक फिल्टर कॅल्शियमच्या याच एच रेषेसाठी आहे. मॅग्नेशियमच्या आयनांची 280 नॅनोमीटरजवळची जोडरेषाही ती टिपते. तो प्रकाश ओझोन शोषून घेतो, त्यामुळे जमिनीवरून ती रेषा दिसू शकत नाही.