व्हाल्व्हची लाल प्लेट

आमच्या पुतण्यानें हौशी रेडिओचा परवाना मिळतांच ८०७ जातीचा व्हाल्व्ह घालून अँप्लिफायर घरींच बांधिला. परंतु तो चालूं करितांच व्हाल्व्हची प्लेट निखाऱ्यासारखी लाल होई. कांचेवर दिसणारी निळसर झांक बहुधा निरुपद्रवी असते. प्लेटची लाली मात्र व्हाल्व्हच्या मुळावर येते. ८०७ ची प्लेट अखंड चालतांना २५ वॅट उष्णता सोसते, अधिक नाहीं.

चिरंजीवांनीं बटण बंद केलें आणि लागलाच आंत हात घातला. आम्हीं मनगट धरिलें. संस्कृतच्या मास्तराचा हा अधिकप्रसंग त्यांस रुचला नाहीं. पण मीटर लावितां फिल्टरच्या कंडेन्सरांत अद्याप ४०० व्होल्ट! तो साठा जिरविणारा रोधकच तुटलेला होता. घरांतील मंडळी क्षणभर स्तब्ध झाली.

साठा उतरविल्यावर ८०७ चा उच्च दाब तोडून आधींचा व्हाल्व्ह तेवढा चालविला. ग्रिडवर ऋण दाब असावयाचा, तेथें धन दाब आढळला. आधींच्या व्हाल्व्हकडून येणारा कंडेन्सर सोडवितांच तो नाहींसा झाला. म्हणजे कंडेन्सरच पाझरत होता. नवा अभ्रकाचा घातल्यावर प्लेट काळी ती काळीच राहिली.

रोधक मात्र आम्हीं एकाऐवजीं दोन बसवविले.