पाणी मागितलं की ओटावा, खनिज काढायचं की टोरंटो

पोस्ट मोठी आहे, आणि मंडळातल्या काही जणांना आवडणार नाही. तरी वाचा.

दर एप्रिलात स्वयंसेवक सप्ताह येतो आणि आपल्या ऑन्टॅरिओ सरकारला स्वयंसेवकांचा उमाळा येतो. पाच वर्षं सेवा केली की एक पिन, दहा वर्षांनी दुसरी. मलाही मिळाली आहे, ड्रॉवरमध्ये पडलीये कुठेतरी. ट्रिलियम फाउंडेशनची ग्रँट मिळाली तर एखाद्या संस्थेच्या हॉलचं छप्पर होतं. हायस्कूलची पोरं पास व्हायला ४० तास समाजसेवा करतात, त्यातले बरेचसे आपल्या गणपतीत खुर्च्या लावण्यात जातात. यातल्या कशालाच माझा आक्षेप नाही. उलट ग्रँट वाढवा म्हणेन.

आक्षेप आहे तो याच सरकारच्या उत्तरेकडच्या वागण्याला.

नेस्कांटागा हे नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय? थंडर बेच्या उत्तरेला चारशे किलोमीटरहून दूर, अटावापिस्कट तलावाच्या काठी असलेली फर्स्ट नेशनची वस्ती. बारमाही रस्ता नाही, विमानाने जायचं. तिथे १ फेब्रुवारी १९९५ पासून ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना लागू आहे. तीस वर्षं! १९९३ साली बांधलेला प्लांट कधी नीट चाललाच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये टाकीतल्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला, पुरवठा बंद केला आणि ऐन कोव्हिडमध्ये गावाला उचलून थंडर बेच्या हॉटेलात आणून ठेवलं. लोक घरी परतले ते डिसेंबरात. आणि गाव तलावाच्या काठावर आहे बरं का. पाण्याचा दुष्काळ नाहीये तिथे.

प्रांताला विचारलं की उत्तर तयार असतं: रिझर्व्ह हा फेडरलचा विषय. १८६७ च्या घटनेतलं कलम ९१(२४) पुढे करतात. कागदावर ते खरंच आहे, आणि ओटावाचे हातही काही स्वच्छ नाहीत. मार्च २०२१ पर्यंत अशा सगळ्या दीर्घकालीन सूचना संपवू असं ट्रूडोंनी २०१५ मध्ये सांगितलं होतं. मुदत टळली, आणि त्याच वर्षी फर्स्ट नेशन्सनी लावलेल्या खटल्यात ८०० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. त्यांच्यावर स्वतंत्र पोस्ट लिहीन.

पण ऑन्टॅरिओने ‘आमचा काय संबंध’ म्हणावं? संबंध काय ते ट्रीटी नाइन सांगते. १९०५ साली करार करायला जे तीन कमिशनर उत्तरेत गेले, त्यातला एक ऑन्टॅरिओचा माणूस होता. १९२९-३० मध्ये तोच करार आणखी उत्तरेला नेला, त्यात आजच्या नेस्कांटागाचा मुलूखही आला. जमीन, जंगल, खनिजं प्रांताच्या हाती आली ती याच कागदाच्या जोरावर. सही करताना आमचा विषय, नळ दुरुस्त करताना तुमचा. वाटणीला पुढे आणि कर्ज फेडताना घरात नाही, असे भाऊ आपण गावाकडे पाहिलेत की!

बरं, प्रांताला पाण्यातलं कळत नाही असंही नाही. वॉकरटन आठवा. मे २००० मध्ये जोरदार पाऊस झाला, शेणखतातले जंतू गावच्या विहिरीत उतरले, क्लोरीन पुरेसं नव्हतं आणि क्लोरीनच्या नोंदी खोट्या लिहिल्या जात होत्या. सरकारी प्रयोगशाळांनी पाणी तपासायचं तर आधीच, १९९६ मध्ये, बंद केलेलं. जेमतेम पाच हजारांच्या गावात सात माणसं गेली आणि २,३०० हून जास्त आजारी पडली. प्रांत हादरला. न्यायमूर्ती ओकॉनर यांची चौकशी झाली, २००२ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा आला, ऑपरेटरला परवाना आणि प्रयोगशाळेला मान्यता सक्तीची झाली, वॉकरटनमध्येच प्रशिक्षण केंद्र निघालं. आज मी ब्रॅम्पटनमध्ये नळाला तोंड लावून बिनधास्त पाणी पितो ते या कायद्यामुळे.

हा कायदा रिझर्व्हच्या हद्दीवर थांबतो. ओकॉनर साहेबांना हे दिसत होतं. फर्स्ट नेशन्सनी मागितलं तर प्रांताने तांत्रिक मदत, पाणीतपासणी, इन्स्पेक्शन आणि कायद्याची अंमलबजावणीसुद्धा, खर्च वसूल करून, उपलब्ध करून द्यावी अशी शिफारस त्यांनी २००२ मध्येच केली होती. म्हणजे फुकटही द्यायचं नव्हतं! वॉकरटनचं केंद्र फर्स्ट नेशन्सच्या ऑपरेटरना प्रशिक्षण देतं, ते चांगलंच आहे. पण शिकलेला माणूस कमी पगारावर, मदतीला दुसरं कोणी नसताना, आजारी प्लांट किती वर्षं ओढणार? शहरात नोकरी मिळाली की जातो. त्याला दोष कसा देणार?

आता २०२५ ची गोष्ट. फर्स्ट नेशन्सच्या पाण्यासाठी फेडरलने आणलेलं सी-६१ विधेयक जानेवारी २०२५ मध्ये संसद स्थगित झाली तेव्हा बारगळलं. ते परत येईल अशी चर्चा सुरू झाली तर जूनअखेरीस ऑन्टॅरिओच्या पर्यावरणमंत्र्यांनी अल्बर्टाच्या मंत्र्यांसोबत ओटावाला पत्र पाठवलं: असले कायदे प्रकल्पांना उशीर करतात, ते नकोत. पर्यावरणमंत्री, हं! विधेयकात रिझर्व्हबाहेरचे पाण्याचे स्रोत जपायची तरतूद होती, खुपत होती ती बहुधा तीच. त्याच जूनमध्ये बिल फाइव्ह मंजूर झालं. रिंग ऑफ फायरमधली खनिजं काढायची घाई आहे. फोर्ड साहेब तर २०१८ मध्येच तिथल्या रस्त्यासाठी स्वतः बुलडोझरवर बसायला निघाले होते. तिथे मात्र ‘फेडरलचा विषय’ आड येत नाही.

आता आपल्या मंडळाकडे येतो. ग्रुपवर प्रस्ताव आहे की ट्रकभर पाण्याच्या बाटल्या उत्तरेला पाठवाव्या, पोरांचे ४० तासही भरतील. मन चांगलं आहे. पण ज्यांनी मराठवाड्यात उन्हाळे काढलेत त्यांना सांगायला नको: टँकर सुरू झाला की नळयोजनेची फाइल कपाटात जाते. पाणी तातडीने हवं असेल आणि तिथल्या बँड कौन्सिलने मागितलं असेल, तर जरूर पाठवू, मी स्वतः गाडी भरायला येईन. न विचारता पाठवलेल्या बाटल्यांचा उपयोग आमदारसाहेबांच्या फोटोला जास्त होईल.

त्याऐवजी पोरांना त्या ४० तासांत ओकॉनर अहवालातली ती शिफारस वाचू दे आणि आपल्या एमपीपीला पत्र लिहू दे. प्रश्न तीनच: इतक्या वर्षांत या शिफारशीचं काय केलं? जूनच्या पत्राला तुमचा पाठिंबा आहे का? उत्तरेतल्या प्लांटवर रजेच्या काळात प्रांताचा परवानाधारक ऑपरेटर पाठवायला काय अडचण आहे?

मसुदा इंग्रजीत तयार आहे, हवा असेल त्यांनी मेसेज करा. दिवाळीच्या कार्यक्रमाला एमपीपी येणारच आहेत, तेव्हा हातात देऊ.