'पेट चल रहा है, गोली दो'

आपल्या मोहल्ल्यात मेडिकलवर जाऊन एवढे म्हटले की अँटिबायोटिक हातात पडते. रक्ताचे जुलाब असतील तर ही सवय घातक ठरू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०११ साली जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. तपासाचा माग मोड आलेल्या मेथीपर्यंत गेला. या जिवाणूकडे शिगा नावाचे विष होते. तेच विष हगवणीचा शिगेला हा वेगळा जिवाणूही बनवतो. ई. कोलायला ते दिले फाजने, म्हणजे जिवाणूंनाच लागण करणाऱ्या विषाणूने. शाळेत आम्ही जिवाणू आणि विषाणू फळ्यावर दोन रकान्यांत मांडतो. यांची ही देवाणघेवाण त्यात कुठेच बसत नाही!

फाज स्वतःची जनुके जिवाणूच्या डीएनएत घुसवून निपचित पडून राहतो. विषाचे जनुक त्यातच असते. जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की फाज जागा होतो, वाढतो, जिवाणू फोडून बाहेर येतो आणि दुसऱ्या जिवाणूत शिरतो. विषही बाहेर सांडते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे नेमकी डीएनएवरच घाव घालतात. या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, मुलांची विशेषतः.

शिगेलाच्या हगवणीत मात्र अँटिबायोटिक लागू शकते. म्हणून शौचाची तपासणी हवी, आणि ती डॉक्टर सांगतील, काउंटरवरचा पोरगा नाही. तोवर ओआरएस पाजत राहा. लघवी कमी झाली असेल तर सकाळची वाट पाहू नका.