समुद्र आधी सांगतो, आपण ऐकतो का?

३ डिसेंबर २०१७. रविवार, त्यात गोंयच्या सायबाच्या फेस्ताचे दिवस. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. ओल्ड गोव्याची मीस आटपून घरी आलो, तर पप्पांच्या मोबाइलवर उत्तर गोव्याच्या किनाऱ्यांचे व्हिडिओ यायला लागलेले. शॅकमध्ये पाणी शिरलेलं, टेबलं-खुर्च्या लाटांवर. ओखी चक्रीवादळ तर शेकडो किलोमीटर दूर, अरबी समुद्रात होतं. मग पाणी इथं कसं आलं? आजी एवढंच म्हणाली, "आयज पुनव न्हय?"

आजीचं उत्तर अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं मला सापडलं फार उशिरा, इंग्रजीच्या एका असाइनमेंटसाठी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याबद्दल वाचताना.

आपण 'समुद्रसपाटी' म्हणतो आणि डोळ्यांसमोर एक सरळ रेघ आणतो. पण ही रेघ स्थिर नसते. हवेचं वजन समुद्रावर सतत असतं. वादळात हवेचा दाब कमी होतो आणि दाबलेलं पाणी थोडं वर येतं. हिशेब सोपा आहे : एक मिलिबार दाब उतरला की साधारण एक सेंटिमीटर पाणी चढतं. दाब नेहमीच्या १०१३ वरून ९७० वर आला, तर चाळीसेक सेंटिमीटर. खरं मोठं काम करतो तो वारा. तो तासन् तास एकाच दिशेनं वाहिला की पाणी किनाऱ्याकडे लोटतो. समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला खालून परत जायला वाव मिळत नाही, आणि ते किनाऱ्याशी साचत जातं. त्यात भरतीची वेळ आली, त्यातही पुनवेची किंवा अमावास्येची मोठी भरती, की संपलंच.

युरोपात हे मुख्यतः हिवाळ्यात होतं, कारण तेव्हा ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांतला फरक सर्वांत जास्त असतो आणि त्यावरच तिथली वादळं पोसतात. त्यात उत्तर समुद्राचा आकार नरसाळ्यासारखा. उत्तरेला रुंद आणि खोल, दक्षिणेला इंग्लंड आणि नेदरलँड्सच्या मधे अरुंद आणि उथळ.

३१ जानेवारी १९५३ च्या शनिवारी हे सगळं एकत्र जुळून आलं. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, वायव्येकडून भयंकर वारा. काही ठिकाणी पाणी नेहमीच्या भरतीपेक्षा अडीच-तीन मीटर वर चढलं. नेदरलँड्समध्ये बांध फुटले आणि १८३६ माणसं गेली. इंग्लंडमध्ये ३०७.

हे आकडे वाचून वाईट वाटलंच. पण माझ्या डोक्यातून जात नाही ती दुसरीच गोष्ट. पाण्याचा हा फुगवटा इंग्लंडच्या किनाऱ्यानं उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेला. लिंकनशायरमध्ये संध्याकाळी सातच्या सुमाराला माणसं बुडत होती. टेम्सच्या मुखाजवळच्या कॅनव्ही बेटावर पाणी पोचलं ते मध्यरात्र उलटल्यावर. मधे पाच-सहा तास होते! पण एका परगण्यानं दुसऱ्याला कळवायची पद्धतच नव्हती. कॅनव्हीचे लोक बिछान्यात झोपलेले. तिकडे नेदरलँड्समध्ये हवामान खात्यानं इशारा दिला होता, पण रेडिओ मध्यरात्री बंद झाला. बांध कमी उंचीचे आहेत, हे तर तिथल्या सरकारी इंजिनिअरांनी कित्येक वर्षं आधी सांगून ठेवलं होतं.

म्हणजे समुद्रानं सांगितलं होतं, इंजिनिअरांनीही सांगितलं होतं. मग याला 'देवाची इच्छा' म्हणायला माझी जीभ धजावत नाही. मी श्रद्धाळू आहे, म्हणूनच धजावत नाही. आपल्या आळसाचं माप देवाच्या पदरात घालणं मला बरं वाटत नाही.

त्या देशांनी धडा घेतला. नेदरलँड्सनं तीन आठवड्यांच्या आत डेल्टा समिती नेमली आणि पुढची कित्येक दशकं बांध, धरणं, दरवाजे उभारले. लंडनजवळ टेम्सवर दरवाजे आले, १९८४ मध्ये त्यांचं रीतसर उद्घाटन झालं. ५ डिसेंबर २०१३ ला तसंच वादळ आलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी पाणी १९५३ पेक्षाही वर चढलं. घरांत पाणी शिरलं, नुकसान झालं, पण इशारा आधीच पोचला होता आणि हजारो लोकांना वेळेत हलवलं होतं. १९५३ सारखी शेकडो माणसं गेली नाहीत.

आता आपल्याकडे या. आपल्या खाजन शेतीचं काम याच तत्त्वावर चालतं. चिखल-दगडांचे बांध आणि त्यांत मानस. भरतीचं पाणी स्वतःच दार ढकलून बंद करतं, ओहोटीला आतल्या पाण्यानं ते उघडतं. वीज नाही, मोटर नाही. ही अक्कल आपल्या पूर्वजांकडे होती आणि बांध राखायची शिस्त गावकारीकडे होती. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. आज बऱ्याच ठिकाणी ती कोणाची, हेच लोकांना सांगता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या शेताजवळच्या बांधाला खेकड्यांनी भोक पाडलं. हाताची मूठ जाईल एवढंच. पप्पा तीन जणांना भेटले. प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं. शेवटी पप्पा आणि शेजारचे काका यांनी रविवारी मीस झाल्यावर चिखल भरून ते बुजवलं. पुनवेच्या भरतीला चार दिवस उरले होते. बांध फुटून खारं पाणी शेतात बसलं की पुढची काही वर्षं शेत पडीक. त्यात १९०० पासून जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटर वाढलेली आहे. म्हणजे तेच जुनं वादळ आता थोड्या उंच पायरीवरून उडी मारणार.

मित्रहो, इशारे आपल्याकडेही आहेत. हैदराबादचं 'इन्कॉइस' केंद्र उंच लाटांचे इशारे देतं, मुरगावच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधीच छापून येतं. अडतं ते शेवटच्या दोन किलोमीटरांत. मोबाइलवरचा इशारा आणि मानसीजवळ राहणारा म्हातारा यांच्या मधे कोणीच नसतं.

तिथं आपण उभं राहू शकतो, असं मला वाटतं. आपण साहित्य मंडळाची मुलं, समुद्रावर कविता पुष्कळ लिहितो. त्याचबरोबर आपापल्या गावात पुनव-अमावास्येच्या भरतीच्या वेळा चॅपलच्या, देवळाच्या फळ्यावर मराठी-कोंकणीत लिहायला काय हरकत आहे? ग्रामसभेत हात वर करून 'हा बांध कोणाचा?' असं विचारायला काय हरकत आहे? मी पुढच्या ग्रामसभेत विचारणार आहे. बुजवलेल्या भोकाचा फोटोही काढून ठेवलाय.